दिव्यांगांचे अर्थसाहाय्य : दोन दाखले, दोन प्रश्न



बेकारी, वार्धक्य, आजार आणि विकलांगता या प्रसंगी नागरिकास सार्वजनिक साहाय्य मिळावे, यासाठी राज्याने आपल्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत परिणामकारक तरतूद करावी, असे भारतीय राज्यघटनेच्या ४१व्या अनुच्छेदाने सांगितले आहे. हे मार्गदर्शक तत्त्व आहे. न्यायालयातून त्याची थेट अंमलबजावणी करून घेता येत नाही. परंतु ज्या घरात एक माणूस अंथरुणाला खिळलेला आहे आणि दुसरा रोजंदारीवर जातो, त्या घराच्या दृष्टीने राज्यघटनेतील हे वाक्य सर्वांत निकडीचे ठरते. महाराष्ट्र शासनाने १९८० साली संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू करून या तत्त्वाला व्यवहाराचे रूप दिले. पुढे २००९ साली केंद्र शासनाने राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रमात दिव्यांगांसाठी निवृत्तिवेतन योजना आणली.

योजना आहेत, निधी आहे, कार्यालयेही आहेत. तरीही पात्र माणूस अर्जच करीत नाही, किंवा अर्ज करून निराश होऊन परततो, असे घडते. याचे एक महत्त्वाचे कारण म्हणजे या साहाय्यामागील नियमांची घडण समजून घेतली जात नाही. ती घडण वस्तुतः अवघड नाही. शासन अर्जदारास दोनच मूलभूत प्रश्न विचारते. पहिला प्रश्न शरीराचा : अपंगत्व किती? दुसरा प्रश्न घराचा : गरज किती? हे दोन्ही प्रश्न स्वतंत्र आहेत, त्यांची उत्तरे देणारे अधिकारी निराळे आहेत आणि त्यांचे दाखलेही निराळे आहेत. एका दाखल्याने दुसऱ्याचे काम होत नाही. एवढी एक गोष्ट ध्यानात आली, तरी पुष्कळशी धावपळ वाचू शकेल.

गरजेवर अवलंबून नसलेल्या सवलती

प्रथम एक भेद स्पष्ट करावयास हवा. दिव्यांगांना मिळणारी प्रत्येक सवलत घरच्या गरिबीवर अवलंबून नसते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अन्वये शासकीय नोकऱ्यांत किमान ४ टक्के आणि उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा राखून ठेवण्यात आल्या आहेत. राज्य परिवहन मंडळाच्या प्रवासभाड्यातही सवलत दिली जाते. या लाभांसाठी अपंगत्वाचे प्रमाणपत्र हाच मुख्य आधार असतो. शिक्षकाचा अंध मुलगा आणि शेतमजुराचा अंध मुलगा या दोघांसाठीही ही दारे सारखीच उघडी असतात.

मासिक अर्थसाहाय्याचे तसे नाही. ते गरजेवर आधारलेले आहे. म्हणून ८० टक्के अपंगत्व असलेल्या माणसाचा अर्ज नामंजूर झाला, तर त्याचे अपंगत्व शासनास मान्य नाही असा अर्थ होत नाही. त्याच्या कुटुंबाचे उत्पन्न मर्यादेबाहेर गेले, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. उलटपक्षी, घरात अठराविसे दारिद्र्य असूनही अपंगत्वाचे प्रमाण ठरावीक टक्क्यांहून कमी भरले, तर दिव्यांग म्हणून साहाय्य मंजूर होत नाही. नकाराचे कारण या दोहोंपैकी कोणते आहे हे अर्जदारास कळणे आवश्यक असते, कारण त्यावरच पुढचा मार्ग ठरतो.

पहिला दाखला : शरीराचा

१९९५च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आलेल्या नव्या कायद्याने ते २१ केले. अंधत्व, श्रवणदोष, अस्थिव्यंग यांच्या जोडीला स्वमग्नता, आम्लहल्ल्याने आलेली विकलांगता, पार्किन्सनचा आजार, हिमोफिलिया, थॅलेसिमिया आणि सिकलसेल हे रक्तविकारही त्यात आले. विदर्भातील व नंदुरबारसारख्या आदिवासी भागांतील अनेक कुटुंबांना सिकलसेलचा जाच पिढ्यान्‌पिढ्या सोसावा लागला आहे. वरवर धडधाकट दिसणारा, परंतु वेदनेच्या झटक्याने वारंवार कोलमडणारा तरुणही आज कायद्याने अपंगत्वाची तपासणी मागू शकतो, ही गोष्ट गावोगाव पोहोचणे अगत्याचे आहे.

लाभासाठी अपंगत्व किमान ४० टक्के असावे लागते. त्याची तपासणी शासनाने अधिकृत केलेले वैद्यकीय प्राधिकारी करतात. त्यासाठी केंद्र शासनाच्या स्वावलंबन संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते आणि प्रमाणपत्रासोबत वैश्विक ओळखपत्र मिळते. या ओळखपत्रावरील रंगावरून अपंगत्वाची श्रेणी ओळखता येते. ४० टक्क्यांहून कमी असल्यास पांढरा, ४० ते ७९ टक्के असल्यास पिवळा आणि ८० टक्के वा अधिक असल्यास निळा असे हे रंग आहेत. पांढऱ्या पट्ट्याचे ओळखपत्र हाती आले म्हणजे साहाय्य मिळणारच, ही समजूत म्हणूनच चुकीची आहे.

टक्केवारीबाबत आणखी एक गैरसमज आढळतो. एका पायाचे अपंगत्व ६० टक्के आणि दुसऱ्या अवयवाचे ३० टक्के असल्यास एकूण ९० टक्के भरेल, असे घरची मंडळी धरून चालतात. वैद्यकीय नियमाप्रमाणे अशी सरळ बेरीज होत नाही. मोठ्या आकड्यास ९० मधून वजा करून जी बाकी राहते, तिला लहान आकड्याने गुणून ९० ने भागतात आणि ते उत्तर मोठ्या आकड्यात मिळवितात. येथे ९० वजा ६० म्हणजे ३०. तीस गुणिले तीस म्हणजे ९००, त्यास ९० ने भागले की १० येतात. एकूण अपंगत्व ७० टक्के भरते. डॉक्टरांनी टक्के कापले असा संशय घेण्यापूर्वी हा हिशेब माहीत असावा.

टक्केवारी मान्य नसल्यास कायद्याच्या ५९व्या कलमानुसार अपील करता येते. प्रमाणपत्र नाकारले गेल्यास त्याची कारणे लेखी मिळावयास हवीत. काही प्रमाणपत्रे ठरावीक मुदतीची असतात, कारण उपचाराने त्या अवस्थेत बदल संभवतो. अशा प्रमाणपत्रावरील अखेरची तारीख घरात कोणीतरी लक्षात ठेवणे आवश्यक असते.

दुसरा दाखला : घराचा

गरज मोजण्याचे माप कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न हे आहे. संजय गांधी निराधार योजनेत सर्वसाधारण लाभार्थ्यांसाठी ही मर्यादा २१,००० रुपये आहे, तर दिव्यांगांसाठी ५०,००० रुपये आहे. अर्जदाराचे वय ६५ वर्षांहून कमी असावे आणि तो किमान १५ वर्षे महाराष्ट्राचा रहिवासी असावा, अशाही अटी आहेत. ६५ वर्षांनंतर वृद्धांसाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना आहे.

येथे दोन दाखल्यांतील फरक पुन्हा दिसून येतो. अपंगत्वाचे प्रमाणपत्र कायद्याने देशभर ग्राह्य असते. गुजरात वा कर्नाटकात मिळालेले प्रमाणपत्र महाराष्ट्रात टाकाऊ ठरत नाही. गरजेचा व वास्तव्याचा प्रश्न मात्र ज्या राज्याच्या तिजोरीतून साहाय्य द्यावयाचे, ते राज्य आपल्या नियमांनी ठरविते.

उत्पन्न मोजावयाचे ते कुटुंबाचे, एकट्या दिव्यांगाचे नव्हे. आपल्याला एक पैसाही मिळकत नाही, असे अर्जदार म्हणतो तेव्हा तो खरेच बोलत असतो. पण तहसीलदाराच्या दाखल्यात वडिलांची मजुरी, भावाचा पगार, शेतीचे उत्पन्न हे सारे धरलेले असते. एकत्र चूल असलेल्या घरात हा प्रश्न विशेष नाजूक होतो. कागदावर भावाचे उत्पन्न कुटुंबात मिळते, पण ते दिव्यांग बहिणीच्या औषधापर्यंत पोहोचतेच असे नाही. म्हणून शिधापत्रिका, प्रत्यक्ष वास्तव्य आणि उत्पन्नाचा दाखला यांत मेळ असणे, आणि घर खरोखर विभक्त झाले असल्यास त्याची नोंद वेळीच करून घेणे, हे अर्जदाराच्या हिताचे असते.

५०,००० रुपयांची मर्यादा किती अरुंद आहे, तेही पाहण्यासारखे आहे. महिन्याला ती सुमारे ४,१६६ रुपये होते. २०२५-२६ या वर्षासाठी रोजगार हमीचा महाराष्ट्रातील मजुरीदर दिवसाला ३१२ रुपये ठरविण्यात आला होता. त्या दराने घरातील एका माणसाने वर्षातील १६१ दिवस काम केले, तर ती मर्यादा ओलांडली जाते. मर्यादेच्या अलीकडील घर आणि पलीकडील घर यांच्या परिस्थितीत फार अंतर असतेच असे नाही. नियमास कोठेतरी रेषा आखावी लागते हे खरे, पण त्या रेषेवर उभ्या असलेल्या घराची चौकशी काळजीपूर्वक झाली पाहिजे, हेही तितकेच खरे.

रक्कम किती आणि कोणाची

संजय गांधी व श्रावणबाळ योजनांतील साहाय्य २०२३ साली दरमहा १,००० रुपयांवरून १,५०० रुपये झाले. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने या योजनांतील दिव्यांग लाभार्थ्यांसाठी आणखी १,००० रुपयांची वाढ मंजूर केली आणि त्यांची रक्कम दरमहा २,५०० रुपये झाली. इतरांना मिळणाऱ्या तत्सम साहाय्याहून दिव्यांगांचे साहाय्य किमान २५ टक्के अधिक असावे, असे २०१६च्या कायद्याचे २४वे कलम सांगते. त्या हिशेबाने १,५०० रुपयांवर किमान १,८७५ रुपये होतात. राज्याने त्याच्या पुढे पाऊल टाकले आहे. दिव्यांगांना अधिक द्यावयाचे ते दयेपोटी नव्हे. औषध, प्रवास, साधने आणि सोबतीचा माणूस यांमुळे त्यांच्या जगण्याचा खर्चच मुळात अधिक असतो.

केंद्राच्या योजनेत मात्र ८० टक्के अपंगत्व, १८ ते ७९ वर्षे वय आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंब या अटी आहेत, आणि केंद्राचा वाटा दरमहा ३०० रुपये आहे. त्यावर राज्य शासन संजय गांधी योजनेतून भर घालते. ८० टक्क्यांचे प्रमाणपत्र मिळाल्याखेरीज काहीच मिळत नाही, या समजुतीने कित्येक जण रुग्णालयाच्या खेपा घालतात. राज्याच्या योजनेसाठी ४० टक्के पुरेसे आहेत. ४५ टक्क्यांचे प्रमाणपत्र पेटीत ठेवून ८० टक्क्यांची वाट पाहणारा माणूस स्वतःचेच नुकसान करून घेत असतो.

कमाईची भीती

गरजेवर आधारलेल्या साहाय्यात एक अंगभूत अडचण आहे. उत्पन्न वाढले की साहाय्य थांबण्याचा संभव असतो. त्यामुळे शिलाई यंत्र घ्यावे की नाही, चहाची टपरी टाकावी की नाही, असा विचार करताना दिव्यांग माणसाचे मन कचरते. दरमहा येणारी २,५०० रुपयांची खात्री सोडून बेभरवशाच्या कमाईकडे जाणे सोपे नाही. या भीतीस आळस म्हणणे अन्यायाचे होईल.

तथापि, माहितीच्या अभावी ही भीती वाजवीपेक्षा मोठी होते. वर्षाकाठी काही हजारांची मिळकत झाली आणि कुटुंबाचे एकूण उत्पन्न मर्यादेतच राहिले, तर पात्रता जात नाही. साहाय्य थांबले, तरी आरक्षण व प्रवास-सवलत यांसारखे गरजेवर अवलंबून नसलेले लाभ थांबत नाहीत. शिवाय ग्रामपंचायतींनी आपल्या स्वउत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांच्या कल्याणासाठी खर्च करावयाची असते. ग्रामसभेत त्या खर्चाचा हिशेब विचारण्याचा अधिकार प्रत्येक ग्रामस्थास आहे. मिळकत लपविण्यापेक्षा हे मार्ग धरणे श्रेयस्कर ठरेल. दिव्यांगांसाठी असलेला लाभ लबाडीने मिळविणाऱ्यास कायद्याच्या ९१व्या कलमान्वये दोन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

मंजुरीनंतर

अर्ज तहसील कार्यालयातील संजय गांधी योजना शाखेकडे जातो आणि तालुका समितीपुढे ठेवला जातो. मंजुरीनंतर रक्कम आधारशी जोडलेल्या बँक खात्यात थेट जमा होते. मंजुरी म्हणजे कामाचा शेवट नव्हे. लाभार्थ्याच्या हयातीची दरवर्षी खात्री केली जाते. उत्पन्नाचा दाखला आणि खात्याची आधार-जोडणी यांतील लहानशी त्रुटीही पैसे अडवू शकते. आधारवर एक नाव, प्रमाणपत्रावर दुसरे आणि बँकेत तिसरे, असा प्रकार खेड्यापाड्यांत विरळा नाही. ही दुरुस्ती अर्ज करण्यापूर्वीच करून घेणे शहाणपणाचे असते. कुष्ठमुक्त व्यक्तीची बोटे झिजलेली असली, तरी आधार नोंदणीत त्यासाठी अपवादाची सोय आहे. बोटांचे ठसे उमटत नाहीत म्हणून तिने निराश होण्याचे कारण नाही.

पैसे थांबल्यास प्रथम कारण विचारावे आणि ते लेखी घ्यावे. कारण प्रमाणपत्राचे असेल तर वाट रुग्णालयाकडे जाते, उत्पन्नाचे असेल तर तहसील कचेरीकडे आणि खात्याचे असेल तर बँकेकडे. कारण न कळता माणूस तिन्ही ठिकाणी हेलपाटे घालतो, आणि चाकाच्या खुर्चीतून किंवा काठीच्या आधाराने घातलेला एक हेलपाटा इतरांच्या दहा हेलपाट्यांइतका असतो.

म्हणून या योजनेचे यश केवळ मंजूर रकमेवर मोजता येणार नाही. तलाठी, ग्रामसेवक, अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या आणि गावातील शिकलेले तरुण यांनी आपल्या परिसरातील प्रत्येक दिव्यांग व्यक्तीच्या घरी जाऊन दोनच प्रश्न विचारावेत : अपंगत्वाचे प्रमाणपत्र आहे काय? उत्पन्नाचा दाखला आहे काय? जे नसेल ते मिळवून देण्यास हातभार लावावा. जो माणूस घराचा उंबरठा ओलांडू शकत नाही, त्याच्यापर्यंत नियम चालत गेला पाहिजे. घटनेच्या ४१व्या अनुच्छेदाचा अर्थ त्या उंबरठ्यावरच खरा ठरावयाचा आहे.