कोणत्या स्त्रीबद्दल बोलता?

(संस्थेच्या अभ्यासवर्गातील भाषण)



आजच्या स्त्रीवादी तत्त्वज्ञानावर बोलण्यास मला सांगितले आहे. मी प्राध्यापिका नाही. बी. ए. झाले आणि बँकेत लिपिक म्हणून लागले. वाचन केले ते लोकलमध्ये आणि रात्री भांडी आवरल्यावर. ही पुस्तके वाचताना मला एक प्रश्न फार उपयोगी पडला. तेवढा तुमच्या हाती देते. हे पुस्तक 'स्त्री' म्हणते, तेव्हा कोणत्या स्त्रीबद्दल बोलते?

सुरुवात सिमोन द बोव्हुआर या फ्रेंच विदुषीपासून करू. 'द सेकंड सेक्स' हा त्यांचा ग्रंथ १९४९ साली आला. मुलगी जन्मते, पण तिची 'बाई' समाज घडवतो. पुरुष स्वतःला माणूस मानतो आणि स्त्रीला 'इतर' ठरवतो, असा त्यांचा विचार आहे. आपल्याला हे समजायला जड जाऊ नये. जन्मावरून कोणाची लायकी ठरवणे खोटे आहे, हे आपण जातीच्या बाबतीत घरोघरी ऐकत आलो. तोच न्याय स्त्रीलाही लावायचा.

पुढे १९६३ साली अमेरिकेत बेट्टी फ्रीडन यांनी सुशिक्षित गृहिणीची घुसमट मांडली. ते पुस्तक फार गाजले. परंतु बेल हुक्स या कृष्णवर्णीय लेखिकेने १९८४ साली त्यातली उणीव दाखवली. घराबाहेर पडून काम करा, हा सल्ला ठीक. पण जी बाई आधीच दुसऱ्यांच्या घरी राबते, तिचे काय? गृहिणी कामाला गेल्यावर तिचे घर सांभाळायला कोण येणार? एका वर्गाच्या स्त्रीचे दुःख सर्व स्त्रियांच्या नावावर मांडले गेले होते.

आता एक खटला सांगते. आम्हा बँकवाल्यांना सिनियॉरिटी लिस्ट म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. अमेरिकेत जनरल मोटर्स कंपनीने मंदीत सिनियॉरिटीप्रमाणे कपात केली. शेवटी आला तो आधी गेला. नियम सर्वांना सारखा. पण १९६४ पूर्वी कंपनीने कृष्णवर्णीय स्त्रियांना कामावरच घेतले नव्हते. साहजिकच यादीच्या तळाशी त्याच होत्या. पाच जणी न्यायालयात गेल्या. १९७६ साली न्यायालयाने त्यांचे म्हणणे मानले नाही. कंपनीत स्त्रिया पूर्वीपासून आहेत, म्हणून स्त्री म्हणून अन्याय नाही. त्या स्त्रिया गोऱ्या होत्या, हे वेगळे. वर्णाची तक्रार असेल तर ती दुसऱ्या खटल्याला जोडा. दोन्ही तक्रारी एकत्र करता येणार नाहीत!

किंबर्ले क्रेनशॉ या कायद्याच्या अभ्यासक. त्यांनी १९८९ साली याच खटल्यावर लिहिताना चौकाचे उदाहरण दिले. चौकात उभ्या असलेल्या माणसाला कोणत्याही रस्त्याने येणारी गाडी धडकू शकते, कधी दोन्हीकडूनही. मग कोणत्या रस्त्याने जखम झाली, याचा वाद घालत तिला उपचारावाचून ठेवायचे का?

हे वाचले त्या दिवशी मी पुस्तक मिटून बसले. कारण काही वर्षांपूर्वी एका वरिष्ठाने माझ्यासमोर 'कोट्यातून आलेल्या बायका' असा शेरा मारला होता. महिला कर्मचाऱ्यांच्या बैठकीत मी तो सांगितला. त्या म्हणाल्या, "हा जातीचा विषय, तुमच्या संघटनेकडे न्या." आमच्या संघटनेत गेले. तिथले बंधू म्हणाले, "ताई, हा बायकांचा विषय, महिलांकडे मांडा." निघताना जयंतीची रांगोळी आणि अल्पोपाहार मात्र माझ्याकडे सोपवला. मला त्या दिवशी फक्त राग आला होता. त्या रागाचे नाव पुढे पुस्तकात सापडले.

हा विचार केवळ परदेशातला नाही. बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात जातीवरचा निबंध वाचला. जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावून. आणि त्यासाठी सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह अशी बंधने स्त्रीवर लादली गेली, हे त्यांनी तेव्हाच उलगडून दाखवले. क्रेनशॉ यांचा लेख आला त्याच १९८९ साली उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक दिले. आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना शोधून, भेटून त्यांनी ते सिद्ध केले. दलित स्त्रीचे म्हणणे वेगळे का, हे गोपाळ गुरू यांनी १९९५ साली मांडले. १९९८ साली शर्मिला रेगे यांनी तो विचार पुढे नेला. दलित स्त्रीच्या जागेवरून पाहिले तर जात आणि पुरुषसत्ता दोन्ही एकत्र दिसतात, असे त्यांचे प्रतिपादन आहे. पण ही दृष्टी जन्माने आपोआप मिळत नाही, संघर्षातून आणि अभ्यासातून ती कमवावी लागते. म्हणून ज्याचा त्या घरात जन्म झाला नाही, त्यालाही ती कमावता येते. आणि ज्याचा झाला, त्यालाही अभ्यास चुकत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, पुस्तक वाचताना माझा प्रश्न विचारा आणि मग तोच घरी व संस्थेतही विचारा. आज या सभागृहात पुढच्या रांगांत कोण बसले आहे? आणि मागे चहाच्या भांड्यापाशी कोण उभे आहे? त्या भगिनींना माझे भाषण अर्धेच ऐकू आले असेल. अभ्यासवर्ग संध्याकाळी सातला ठेवला, तेव्हा कोणाच्या घरी सातला चूल पेटते याचा विचार आपण केला नाही. हेतू वाईट नव्हता. सिनियॉरिटीचा नियम करणाऱ्यांनीही नियम सर्वांना सारखाच ठेवला होता.

माझी एकच विनंती आहे. पुढच्या वर्गाची वेळ त्या भगिनींना विचारून ठरवा आणि त्या दिवशी चहा पुरुष मंडळींनी करावा. साखर कमी-जास्त झाली तरी आम्ही गोड मानून घेऊ.

जयभीम!