जुनी जीप आणि चेंबरमधले ऑइल

गोंडपिपरीहून निघालेला रस्ता वैनगंगेवरचा पूल ओलांडून आष्टीला पोचतो आणि पुढे आलापल्लीच्या सागवानी जंगलाकडे जातो. या रस्त्याला मिळणाऱ्या आडवाटांवर जुन्या डिझेल जीप अजून दिसतात. कुणी तिच्यात धानाची पोती भरतो, कुणी तेंदूपत्त्याच्या हंगामात मजुरांची ने-आण करतो. रात्री-अपरात्री कुणाला दवाखान्यात न्यायची वेळ आली की गावातली तीच एक गाडी आठवते. अशी जीप जंगलात मध्येच बंद पडली तर मागून दुसरे वाहन येईलच याची खात्री नसते. म्हणून तिच्या इंजिनची निगा ही केवळ मालकाच्या खिशाची बाब नाही, मंडळी. तिच्यात बसणाऱ्याच्या जिवाचीही आहे.

आपल्याकडच्या पुष्कळशा जुन्या जीपमध्ये महिंद्राने फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या परवान्याने बनवलेले एक्सडीपी ४.९० हे इंजिन असते. नावातच त्याची ओळख आहे : चार सिलिंडर आणि ९० मिलिमीटरचा व्यास. २११२ सीसीचे हे साधे, कणखर इंजिन. त्यात संगणक नाही, सेन्सरची गर्दी नाही. त्यामुळे काय बिघडते आहे हे सांगणारे यंत्रही नाही. सांगते ते ऑइल.

गॅरेजमधल्या उस्तादांची भाषा मला कवी म्हणून फार आवडते. गाडी ऑइल ‘खाते’, इंजिन पाणी ‘पिते’ आणि शेवटी ते ‘धरते’. या शब्दांत नुसती गंमत नाही, निदान आहे. तळाच्या चेंबरमधले ऑइल पंप वर ओढतो. ते फिल्टरमधून क्रँकच्या बेरिंगपर्यंत आणि वर व्हॉल्व्हपर्यंत जाते. क्रँक आणि बेरिंग यांच्यामध्ये ऑइलचा केसाहून बारीक थर असतो. त्या थरावर क्रँक अक्षरशः तरंगत फिरतो. दाब गेला, थर तुटला, की धातूला धातू घासतो आणि इंजिन धरते.

याशिवाय ऑइल उष्णता वाहून नेते, पिस्टनच्या रिंगांना साथ देऊन कॉम्प्रेशन राखते आणि काजळी आपल्यात सामावून घेते. डिझेल इंजिनातले ऑइल लवकर काळे पडते ते याच कामामुळे. तेव्हा नुसते काळे दिसले म्हणून घाबरू नये. अन् काळे दिसत नाही म्हणून निर्धास्तही राहू नये.

आपल्या भागातला ऑइलचा मोठा शत्रू म्हणजे धूळ. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि नेमके तेव्हाच तेंदूपत्त्यासाठी गाड्या मुरमाच्या वाटांवर धावतात. एअर फिल्टर चुकवून आत गेलेली बारीक धूळ सिलिंडर आणि रिंगांना पॉलिश पेपरसारखी घासते आणि शेवटी ऑइलमध्ये उतरते. रिंगा झिजल्या की गाडी ऑइल खाऊ लागते, निळा धूर सोडते. म्हणून ऑइलची राखण एअर फिल्टरपासून सुरू होते. जुन्या जीपमध्ये बहुधा ऑइलची वाटी असलेला फिल्टर असतो. त्या वाटीत गाळ साचला की धूळ अडत नाही. धुळीच्या दिवसांत ती दर चार-आठ दिवसांनी उघडावी, गाळ काढून धुवावी आणि खुणेपर्यंत नवे ऑइल भरावे. खुणेच्या वर भरू नये, ते इंजिनात ओढले जाते.

आता ऑइलची पट्टी, म्हणजे डिपस्टिक. गाडी सपाट जागी उभी असावी. सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी पट्टी काढून पुसावी, पुन्हा घालून काढावी. पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. कमी असेल तर धोका आहेच, पण जास्त ओतणेही वाईट. क्रँक ऑइल घुसळतो, फेस होतो, आणि फेसाने बेरिंग सांभाळले जात नाही.

पट्टीवरचे दोन थेंब बरेच काही सांगतात. ऑइल दुधाच्या चहासारखे दिसले तर त्यात पाणी आहे. हेड गॅस्केट गेले असेल, किंवा नाला ओलांडताना पाणी शिरले असेल. नाल्यात गाडी बंद पडली तर तिथेच सेल्फ मारत बसू नये. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. न ओतताच ऑइलची पातळी वाढली आणि डिझेलचा वास आला तर नोझल किंवा डिझेल पंप गळत असेल. असे ऑइल पातळ होते. त्यावर नवे ऑइल ओतून भागत नाही, गळती शोधावीच लागते. आणि किती किलोमीटरला किती ऑइल घालावे लागले हे वहीत लिहावे. आजच्या आकड्यापेक्षा तो वाढतो आहे का, हे महत्त्वाचे.

दाबाचा लाल दिवा चावी फिरवल्यावर, इंजिन सुरू होण्याआधी, लागलाच पाहिजे. लागत नसेल तर बल्ब किंवा वायर गेलेली आहे, आणि ऐन वेळी तो इशारा देणार नाही. चालत्या गाडीत दिवा लागला तर ‘पुढच्या गावापर्यंत जाऊ’ हा विचार सोडावा. इंजिन त्याच क्षणी बंद करावे.

ऑइल बदलण्याचे किलोमीटर गाडीच्या पुस्तकात असतात. पण धूळ, चिखल आणि कमी गिअरची चाल असेल तर ते अंतर निम्म्यावर आणणे शहाणपणाचे. गाडी कमी चालली तरी वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळा संपल्यावर, ऑइल बदलावे. १५डब्ल्यू-४० यातला पहिला आकडा थंडीतला पातळपणा सांगतो, दुसरा तापल्यावरचा दाटपणा. ग्रेड पुस्तकात सांगितलेलाच घ्यावा आणि सुटे ऑइल टाळावे. इंजिन कोमट असताना ऑइल काढावे म्हणजे गाळही निघतो. फिल्टर सोबतच बदलावा, त्याच्या रबराला ऑइल लावून तो हाताने घट्ट करावा. चेंबरच्या नटाचा वायसरही नवा घालावा.

काढलेले काळे ऑइल नाल्यात किंवा विहिरीजवळ ओतू नये. वाळवी लागू नये म्हणून ते खांबांना, दारांना फासण्याची आपल्याकडे रीत आहे. पण त्यातले विषारी घटक हाताला लागतात, पावसाने जमिनीत जातात. डब्यात साठवून ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडे पोचेल असे पाहावे.

या सगळ्याला पैसा थोडा आणि वेळ त्याहून थोडा लागतो. इंजिनचे काम काढण्याचा खर्च याच्या कितीतरी पट असतो. ज्याच्या गाडीवर चार गावे विसंबून आहेत, त्याने सकाळच्या पहिल्या फेरीआधी एक चिंधी हाती घ्यावी आणि पट्टी पाहावी. दोन मिनिटांचे काम आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)