दप्तराबाहेरचा इतिहास

(कोल्हार येथे वाचकांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



भगवतीमातेच्या या गावी राष्ट्रीय अस्मिता आणि नियतकालिके या विषयावर बोलताना आरंभ आपल्याच जिल्ह्यापासून करावा लागतो. १८४२ साली तेव्हाच्या अहमदनगरात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, अमेरिकन मिशनऱ्यांनी ‘ज्ञानोदय’ सुरू केले. आपला धर्म आणि आपला समाज कसा आहे, हे आपल्यालाच छापील मराठीत परका माणूस सांगू लागला. इतिहासाचीही तीच गत होती. मराठ्यांचा इतिहास १८२६ साली प्रसिद्ध केला तो ग्रँट डफ या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने. जिंकणाराच जितांचा चरित्रकार झाला!

या मानसिक दास्याला पहिला खणखणीत छेद दिला तो विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या ‘निबंधमाले’ने. जानेवारी १८७४ मध्ये अवघ्या तेवीस वर्षांच्या या शिक्षकाने हे मासिक काढले आणि सात वर्षांत ८४ अंक जवळजवळ एकहाती लिहून काढले. त्यातील ‘आमच्या देशाची स्थिती’ हा अखेरचा निबंध सरकारला इतका झोंबला की, पुढे त्यावर बंदी आली आणि ती उठायला १९३७ साल उजाडले. मात्र शास्त्रीबुवा केवळ लेखणीच्या आवेशावर थांबले नाहीत. अभिमानाला पुराव्याचे अधिष्ठान हवे, हे त्यांनी ओळखले होते. म्हणूनच का. ना. साने आणि ज. बा. मोडक यांच्यासह त्यांनी १८७८ साली ‘काव्येतिहाससंग्रह’ सुरू केला. घराघरांत कसरीच्या तोंडी जाणाऱ्या बखरी, पत्रे, जुनी काव्ये त्यात छापून आली. पुढे राजवाड्यांनी गावोगाव फिरून दप्तरे धुंडाळली आणि १८९८ पासून इतिहासाच्या साधनांचे खंड प्रसिद्ध केले. ग्रँट डफला खरे उत्तर मिळाले ते या कागदांनी.

पण ज्यांच्या घरी दप्तरच नव्हते, त्यांचे काय?

निबंधमालेचा गौरव करताना तिची मर्यादाही सांगितली पाहिजे. जोतीराव फुल्यांच्या लेखनाचा समाचार घेताना शास्त्रीबुवांनी त्यांच्या व्याकरणाची यथेच्छ टर उडवली. भाषेतील दोष त्यांना दिसले. त्या भाषेमागची वेदना मात्र त्यांच्या कानी पडली नाही. स्वभाषेसाठी झुंजणाऱ्या माणसाचेही कान स्वकीयांच्या एका आवाजाला बंद राहू शकतात, हा त्यातला धडा आहे.

आता आपल्या प्रवरेकडे पाहा. ती उगम पावते अकोले तालुक्यात, रतनगडाच्या परिसरात. १९२६ साली पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाचे पाणी कालव्यांनी खाली आले आणि आपल्या या पट्ट्यात ऊस उभा राहिला. आपल्या समृद्धीचे मूळ ज्या डोंगरांत आहे, तेथील महादेव कोळी, ठाकर बांधवांचा इतिहास आपल्याला कितीसा ठाऊक आहे?

मराठेशाहीत गडकोटांची राखण करणाऱ्या महादेव कोळ्यांचे हक्क इंग्रजी अंमलात गेले, जमिनी सावकारांच्या घशात गेल्या आणि डोंगर पेटले. देवगावच्या राघोजी भांगरे यांनी १८४०च्या दशकात इंग्रजांना सळो की पळो करून सोडले. २ मे १८४८ रोजी त्यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. सत्तावनच्या समरापूर्वी नऊ वर्षे! तरीही इंग्रजी दप्तरात हा स्वातंत्र्यवीर लुटारू म्हणूनच उरला. राघोजींच्या आधीच्या पिढीचा उठाव मोडणाऱ्या कॅप्टन मॅकिंटॉशनेच पुढे या समाजाची माहिती लिहून छापली. ग्रँट डफचीच ही दुसरी आवृत्ती. तिला उत्तर द्यायला डॉ. गोविंद गारे यांच्यासारखे त्याच समाजातील अभ्यासक उभे राहिले, भुजंग मेश्राम, वाहरू सोनवणे यांच्यासारखे कवी जनजातींतून पुढे आले. तरीही पुष्कळसे धन अजून कागदावर नाही. ते गाण्यांत, देवदेवतांच्या कथांत, म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या आठवणींत आहे. बखरीला कसर लागली तर निदान चार पाने उरतात. माणूस गेला की काहीच उरत नाही.

म्हणून माझी सूचना साधी आहे. येथील वाचनालयाने, महाविद्यालयीन तरुणांनी वर्षाकाठी एक अंक या कामासाठी काढावा. सुट्टीत प्रवरेच्या काठाने वर जावे, ऐकावे आणि सांगणाऱ्याच्या बोलीत, त्याच्या नावानिशी छापावे. त्याची भाषा ‘शुद्ध’ करू नये. आपल्याला जे ऐकायचे आहे, ते त्याच्या तोंडी घालू नये. आपल्याला बोचणारे काही निघाले, तर तेही छापावे. वनवासी बंधूंना आपले म्हणायचे आणि त्यांचे म्हणणे मात्र गाळायचे, हे आपलेपण नव्हे.

याच प्रवरेच्या काठी, खाली नेवाशाला, शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली. सांगणारे ज्ञानदेव होते आणि सच्चिदानंदबाबांनी आदराने लेखनिकाचे काम केले. नदीच्या उगमाकडे जाताना आपणही उपदेशक म्हणून न जाता लेखनिक म्हणून जावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.