घर घेण्याआधी पत बांधा
(विहाराच्या वर्धापन दिनी केलेले भाषण)



मला विषय दिला आहे घरकर्जाचा. मी अर्थतज्ज्ञ नाही. सूतगिरणीच्या रिंग खात्यात आयुष्य काढलेला माणूस. पण वस्तीतल्या लोकांचे बँकेचे कागद वाचून देतो, त्यातून जे उमगले तेवढेच सांगतो. कर्जाचा अर्ज ही नंतरची गोष्ट. माणूस अडतो तो त्याच्या आधी.

आपल्यात अभिमानाने सांगणारे पुष्कळ आहेत, "आजपर्यंत कुणाचं एक रुपया देणं ठेवलं नाही." हा अभिमान खोटा नाही. मुंबईच्या गिरण्यांत मागच्या पिढ्यांनी पठाणी व्याज भरले. पगाराच्या दिवशी सावकार गिरणीच्या दरवाजाशीच उभा. तेव्हापासून कर्ज म्हणजे फास हे आपल्या हाडात बसले. तथागतांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगितली, त्यातही एक 'अनणसुख' आहे, म्हणजे देणे नसण्याचे सुख.

पण आज हातावर पोट असलेला माणूस रोखीने घर घेणार कसा? बँकेत जावेच लागते. आणि हा सचोटीचा माणूस गेला की साहेब संगणकात बघून म्हणतात, "तुमचा काहीच इतिहास दिसत नाही." ज्याने कुणाचे बुडवले नाही त्याला हे ऐकून अपमान वाटतो. तो अपमान गिळून बसू नका, त्यामागची पद्धत समजून घ्या.

वाण्याची वही आपण सर्वांनी पाहिली आहे. नव्या गिऱ्हाइकाला वाणी एकदम पोतेभर तांदूळ उधार देत नाही. आधी पावशेर साखर, चहाची पुडी. पगार झाला की पैसे आले का, हे तो बघतो. चार महिने वेळेवर आले की मग पोते. बँकेचेही तसेच आहे. फक्त ही वही देशभर वाचली जाते. ती ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. त्यांच्यासाठी २००५ चा कायदा आहे. त्या माणसाला ३०० ते ९०० पर्यंत गुण देतात. ७५० च्या वर गुण असले की बँका साधारणपणे चांगले मानतात.

या वहीत काय लिहिले जाते? बँकेचे आणि फायनान्स कंपनीचे कर्ज, सोनेतारण, क्रेडिट कार्ड, आणि प्रत्येक हप्ता कधी भरला ते. काय लिहिले जात नाही? बचत खात्यातली शिल्लक, भिशी, मोबाइलवरून वाण्याला पाठवलेले पैसे. गिरणीच्या पतपेढीचे कर्ज पगारातून नियमित कापले जाते, पण त्याची नोंद बहुधा या वहीत जात नाही. वीस वर्षांची प्रामाणिक फेड तिथे कोरी राहते.

मग करायचे काय? कर्जात बुडायचे नाही, आपली फेड दिसेल असे करायचे. घर घ्यायच्या वर्ष-दोन वर्षे आधी सुरुवात करा. अनेक बँका मुदत ठेवीवर क्रेडिट कार्ड देतात. समजा मर्यादा २०,००० रुपये मिळाली. त्यावर महिन्याला दोन-तीन हजारांचा किराणा घ्या, जो तुम्ही एरवीही घेणारच आहात, आणि बिल तारखेच्या आत पूर्ण भरा. बिलावर 'किमान रक्कम' छापलेली असते, तिला भुलू नका. बाकी राहिलेल्या रकमेवर अनेक कार्डे महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याज लावतात. तोच जुना सावकार, फक्त आता खिशात बसलेला. ज्याला खर्च आवरत नाही त्याने कार्ड घेऊच नये. घरात फ्रिज घ्यायचाच असेल तर छोट्या हप्त्यावर घ्या आणि एकही हप्ता चुकवू नका. निदान सहा महिन्यांची नोंद झाली की गुण दिसू लागतात.

आता खड्डे कुठे आहेत ते ऐका. पहिला खड्डा जामीनकीचा. आपण नात्यासाठी, शब्दासाठी सही करतो. बँकेच्या कर्जाला जामीन राहिलात तर ते कर्ज तुमच्याही वहीत लिहिले जाते. त्याने थकवले की डाग तुम्हाला. दुसरा खड्डा तडजोडीचा. वसुलीवाला म्हणतो, "अर्धे भरा, मिटवून टाकू." वहीत ते कर्ज 'फिटले' असे लिहिले जात नाही, 'सेटल्ड' असे लिहिले जाते, आणि पुढची बँक ते वाचते. जमेल तर पूर्ण फेडा आणि 'नो ड्यूज'चा दाखला घेऊन जपून ठेवा. तिसरा, एकाच महिन्यात पाच बँकांत अर्ज करणे. प्रत्येक बँकेची चौकशी नोंदवली जाते आणि माणूस पैशाला हपापलेला दिसतो. बचत गटाच्या नावाखाली फायनान्स कंपनीचे गटकर्ज घेणाऱ्या भगिनींनीही लक्षात ठेवावे, ते तुमच्या नावावर नोंदले जाते.

ही वही वाचणे हा तुमचा हक्क आहे. प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल फुकट मिळतो. स्वतः पाहिल्याने गुण कमी होत नाहीत. नावसाधर्म्याने दुसऱ्याचे कर्ज तुमच्या नावावर पडलेले असू शकते, फेडलेले कर्ज चालू दिसू शकते. लेखी तक्रार करा. तीस दिवसांत निकाल लागला नाही तर पुढे दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. आणि ६ जानेवारी २०२५ च्या निर्देशात रिझर्व्ह बँकेने सांगितले आहे की, पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ मागचा इतिहास नाही म्हणून फेटाळू नये. साहेबांनी तेवढ्याच कारणावर परत पाठवले तर नकाराचे कारण लेखी मागा.

गुण चांगले म्हणजे घर मिळालेच असे नाही. वीस लाखांच्या घराला बँक जास्तीत जास्त १८ लाख देऊ शकते. दोन लाख आणि वर मुद्रांक, नोंदणीचा खर्च आपला. त्याची बचत वेगळी हवी. आणि पन्नाशी उलटलेल्याला निवृत्तीपर्यंतचीच मुदत मिळते, हप्ता मोठा होतो. तेव्हा कमावत्या मुलाला किंवा मुलीला सहकर्जदार करा, पण आधी तिची किंवा त्याची वहीसुद्धा वाचा. मोबाइलवर घेतलेले दोन हजारांचे विसरलेले कर्ज तिथे बसलेले असू शकते.

अनणसुख सोडा असे मी म्हणत नाही. घराचा शेवटचा हप्ता फिटतो त्या दिवशी ते मिळतेच, आणि डोक्यावर स्वतःचे छप्पर असते. म्हणून इथून गेल्यावर प्रत्येकाने आपला अहवाल काढावा. ज्याला वाचता येत नाही त्याने रविवारी विहारात घेऊन यावे, आपण मिळून वाचू.

जय भीम!