शंकर यांचा वेताळ

‘माझा आवडता चित्रकार’ हा विषय पत्रिकेवर वाचून काही मंडळी दीनानाथ दलालांविषयी ऐकायला आली असतील. त्यांची आधीच माफी मागतो. मी बोलणार आहे ‘चांदोबा’ मासिकातल्या शंकर यांच्याविषयी. पूर्ण नाव के. सी. शिवशंकरन. या नावानं फारसे हात वर होणार नाहीत. पण खांद्यावर प्रेत, हातात नागवी तलवार आणि स्मशानातून चाललेला राजा विक्रम म्हटलं, की निम्मं सभागृह मान डोलावेल. ते चित्र त्यांचं.

आता ते डोळ्यांसमोर आणा, आणि क्षणभर फक्त प्रेताकडे बघा. ते जड आहे. खांद्यावर दुमडलंय, लोंबतंय, आणि राजा ते पेलून चाललाय. भुतं काढणारे पुष्कळ असतात. डोळे लाल केले, सुळे लावले, की झालं भूत. शंकर भुताला वजन देतात. एकदा राजाचा खांदा भरून आलाय हे पटलं, की मग प्रेत बोलू लागलं तरी आपण हरकत घेत नाही. अद्भुताची चित्रं मला आवडतात ती एवढ्यासाठीच, आणि ज्या चित्रकारांना हे जमत नाही त्यांचे राक्षस मला गणेशोत्सवातल्या देखाव्यासारखे वाटतात.

हे वजन कुठून आलं असेल? शंकर १९२४ सालचे, इरोडकडचे. मद्रासच्या सरकारी कलाशाळेत शिकले, तेव्हा तिथे प्राचार्य होते देवीप्रसाद रायचौधुरी. मरीना किनाऱ्यावर त्यांचं ‘श्रमाचा विजय’ हे शिल्प आहे. चार मजूर एक अवजड शिळा हलवताहेत, पाठीचा स्नायू न् स्नायू ताणलेला. ते पाहून आलेल्या माणसाला विक्रमाची ती चाल ओळखीची वाटेल. पुरावा म्हणाल तर माझ्याकडे नाही. डोळ्यांची साक्ष आहे.

पुढे ‘कलैमगळ’ या तमिळ मासिकात नोकरी, आणि पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला ‘चंदामामा’, म्हणजे आपला ‘चांदोबा’. तिथे ते जवळपास साठ वर्षं, म्हणजे मासिक बंद पडेपर्यंत, राहिले. दर महिन्याला अंक निघायचा, म्हणजे दर महिन्याला चित्रं. स्फूर्तीची वाट बघायची सोय नाही. मूळच्या वेताळपंचविशीत विक्रम-वेताळाच्या गोष्टी पंचवीस. त्या संपल्यावरही मासिकानं त्याच चौकटीत शेकडो नव्या गोष्टी बसवल्या. प्रश्न दर वेळी वेगळा, झाड तेच, राजा तोच!

मासिक निघायचं मद्रासहून. चित्र एक, आणि त्याच्याभोवती मजकूर कुठे तेलुगू, कुठे तमिळ, कुठे हिंदी, आणि आपल्या ‘चांदोबा’त मराठी. त्यामुळे गोष्ट उज्जैनची असली तरी खांबांवरची नक्षी दक्षिणेची. आम्हा मुलांना त्याचं काही वाटलं नाही. उलट, राजवाडा असाच असतो अशी खात्री झाली. कोपऱ्यातली रोमन लिपीतली सही वाचून हे शंकरराव पुण्या-मुंबईकडचेच, असं समजणारेही होते.

वेताळ मात्र आपल्याकडे आधीपासून होता. पुण्याची टेकडी त्याच्या नावाची, कोकणात शेंदूर फासलेला, गोव्यात लोलयेला दगडात उभा. तो गावाचा राखणदार. त्याला नवस बोलायचा, नैवेद्य द्यायचा. शंकर यांचा वेताळ प्रेतात शिरलेला, वाद घालणारा. कोकणातल्या मुलाला हे दोन्ही वेताळ एकाच वेळी ठाऊक असायचे, आणि त्याची काही अडचण होत नसे. देवळापाशी हात जोडायचे, घरी येऊन अंक उघडायचा.

भक्त असलो तरी आंधळा नाही. त्यांच्या राजकन्या मला एका साच्यातल्या वाटतात. मुकुट अदलाबदल केले तर ओळखू यायच्या नाहीत. म्हातारे, भामटे, सावकार, ऋषी यांच्यात त्यांचा हात खरा खुलतो. प्रत्येकाची सुरकुती वेगळी.

२०२० च्या सप्टेंबरमध्ये, वयाची ९६ वर्षं पूर्ण करून ते गेले. पद्मश्री जाहीर झाली ती २०२१ मध्ये, मरणोत्तर. साठ वर्षं अंक घरोघर जात होता. दिल्लीतल्या एखाद्याच्या घरीही येत असेलच की.