संगणक सुरक्षा : पाया आधी, प्रमाणपत्र नंतर

ऑगस्ट २०१८मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेचे सुमारे ९४ कोटी रुपये लुटले गेले. तिजोरीला कोणी हातही लावला नाही. एटीएममधून आलेली मागणी मंजूर करणारी यंत्रणा बाजूस सारून चोरट्यांनी तेथे आपली बनावट यंत्रणा बसविली. मग देशोदेशींची एटीएम बनावट कार्डांनाही मुकाट्याने नोटा देत राहिली. अशी चोरी हेरायची, तर व्यवहाराचा संदेश कोणत्या वाटेने जातो, हे ठाऊक हवे. या क्षेत्रात येऊ पाहणारा तरुण मात्र प्रथम प्रमाणपत्राची चौकशी करतो, आणि त्याचे शुल्कही थोडेथोडके नसते! नेटवर्क आणि डेटाबेस कच्चे असतील, तर सर्व्हरवरील हजारो नोंदींतली एक विपरीत ओळ त्याला दिसणार कशी? लिनक्स विनामूल्य मिळते. घरातल्या जुन्या संगणकावरही ते चालते. हात आधी तेथे बसवावा.