कुंभारणीची कोठडी

दाराच्या चौकटीत चिखलाचं ढेकूळ दिसलं, तर ते कुंभारीण माशीचं घर समजा. ओल्या मातीच्या गोळ्या तोंडात आणून ती कोठड्या लिंपते. नर या कामाला हातही लावत नाही! मग ती कोळी पकडते, नांगी मारून लुळे करते, ठार मात्र करत नाही. मेलेला कोळी कुजेल, लुळा ताजा राहतो. कोठडीत असे कोळी ठासायचे, एकावर अंडं घालायचं, तोंड लिंपायचं. अळी ते कोळी खाऊन वाढते. माशीची गुणगुण ऐकून कोंडलेला किडाच कुंभारीण होतो, असं पूर्वी मानत. भ्रमर-कीटक न्याय तो हाच. माणसाला ती सहसा डसत नाही. घर काढायचंच असेल, तर कोठड्यांना भोकं पडल्यावर काढा. पिल्लं तेव्हा उडालेली असतात.